धुरीकाकांचा खड्डा

धुरीकाका कुणाच्याही घरी गेले की आधी फ्रिजला भेटायचे. मग मोरीतल्या नळाला, मग टीव्हीच्या मागच्या बाजूला, आणि हे सगळे भेटून झाले की घरातल्या माणसांना. भेटायची पद्धत ठरलेली होती. उजव्या हाताची बोटं किंचित मिटायची आणि हाताची उलटी बाजू फ्रिजच्या दाराला हलकेच टेकवायची, आई पोराचा ताप बघते तशी. डोळे अर्धे मिटायचे. आपण दारात "या काका" म्हणत उभे आणि काकांचं सगळं लक्ष त्या फ्रिजकडे. मग निदान यायचं. "चावतोय. जरासा चावतोय. पाट कुठाय तुमचा?"

पाटाची भानगड आजच्या वाचकाला समजावून सांगायला हवी. तेव्हा ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं आणि आमच्यासारख्यांच्या घरी नुकते फ्रिज येऊ लागले होते. फ्रिज आले, पण फ्रिजला लागणारं अर्थिंग काही आलं नाही. यंत्राच्या अंगावर चुकून करंट उतरला तर तो तारेवाटे जमिनीत सोडून द्यायचा, ही सोय म्हणजे अर्थिंग. ती नसली की दाराला हात लावताच बोटांना मुंग्या येतात. पायात रबरी चप्पल असली तर येत नाहीत. पण फ्रिज स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरात देव्हारा, आणि देवासमोर चप्पल चालत नाही. यावर आमच्या इमारतीतल्या बायकांनी काढलेला तोडगा म्हणजे पाट. फ्रिजसमोर जेवणाचा लाकडी पाट टाकायचा, त्यावर उभं राहायचं आणि मग दार उघडायचं. पाहुण्याला गार पाणी हवं असलं तर "पाटावरून घ्या हं" असं सांगायची पद्धत होती. यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. वाटायचं ते एकट्या धुरीकाकांना.

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला, खाडीच्या अंगाला. सोसायटी म्हणजे तीन मजल्यांची एकच इमारत. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत काका एकटे राहायचे. मूळचे कुडाळकडचे. लग्न राहून गेलेलं. भांडुपच्या एका औषधाच्या कारखान्यात ते टाइम ऑफिसात कारकून होते, म्हणजे कोण कामगार कधी आत आला आणि कधी बाहेर पडला ते बघायचं. विजेशी त्यांचा संबंध घरातल्या बटणापुरताच.

माणसं एखाद्या बुवांच्या प्रवचनाला जातात आणि बदलून येतात. काका कारखान्यातल्या सेफ्टी वीकच्या व्याख्यानाला गेले आणि बदलून आले. पवईहून कुणी प्रोफेसर आले होते. बाकीचे लोक नंतर मिळणाऱ्या बटाटेवड्याच्या आशेने बसले होते. काका मात्र व्याख्यान संपल्यावर जे उठले ते वडा न खाताच घरी आले आणि त्यांनी स्वतःच्या घरातला प्रत्येक प्लग उघडून पाहिला. त्या दिवशी मिळालेला 'सुरक्षा' लिहिलेला हिरवा बिल्ला ते शर्टाच्या खिशावर लावायचे. धोब्याकडे शर्ट टाकताना तो निघायचा, लग्नाला जाताना नाही.

माझी आणि त्यांची खरी ओळख आमचा फ्रिज आला त्या दिवशी झाली. माझ्या बायकोने, सुलभाने, फ्रिजवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. शेजारीपाजारी पेढा घेऊन गेले. काका आले ते थेट फ्रिजच्या मागे शिरले आणि तिथून त्यांचा आवाज आला.

"पाटणकर, हे काय केलंस रे?"

मी वाकून पाहिलं. फ्रिजचा प्लग आमच्या जुन्या सॉकेटात बसत नव्हता, म्हणून मी तो काढून टाकला होता आणि दोन तारा सरळ भोकांत खुपसून त्या हलू नयेत म्हणून वर आगपेटीच्या काड्या ठोकल्या होत्या. त्या काळी सगळेच असं करायचे. मी तसं त्यांना सांगितलंही.

"आणि तिसरी तार?"

"ती उरली."

काका खुर्चीवर बसले. त्यांनी पाणी मागितलं. पाणी फ्रिजमधलं नको, माठातलं द्या, असंही म्हणाले. मग मला समोर बसवून त्यांनी समजावून सांगितलं. पुढे हे मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की मला पाठ झालं. "करंट वाईट नसतो रे. त्याला घरी जायचं असतं. जमीन म्हणजे त्याचं घर. तू वाट दिलीस तर गुपचूप जाईल बिचारा. नाही दिलीस तर तुझ्या बायकोच्या हातातून जाईल, तुझ्या पोराच्या पायातून जाईल. मग चूक कोणाची?"

"माझी," मी म्हणालो.

"मग वाट दे त्याला."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला तीन भोकांचं सॉकेट बसवायला लावलं आणि तेव्हापासून ते आमच्याकडे येऊ लागले. सुलभा सगळ्या इमारतीसारखं त्यांना काका म्हणायची आणि ते तिला वहिनी म्हणायचे. हे नातं कुठल्या शास्त्रात बसतं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

रविवारी सकाळी काकांची फेरी असायची. हातात टेस्ट लॅम्प. होल्डरमध्ये एक बल्ब आणि त्याला दोन लांब तारा, एवढंच ते आयुध. एक तार सॉकेटातल्या करंटच्या भोकात आणि दुसरी अर्थिंगच्या भोकात घालायची. बल्ब लख्ख पेटला तर अर्थिंग पास. आमच्या इमारतीत तो कुणाकडेच लख्ख पेटत नसे. आत नुसती विडी शिलगावल्यासारखी तार लाल व्हायची. काका त्या लाल तारेकडे हळहळून बघायचे आणि म्हणायचे, "पुढच्या रविवारी परत बघायला हवं." मग चहा व्हायचा. चहा ते फ्रिजपाशी उभ्याउभ्याच घ्यायचे, कारण ते कामावर असत. उभ्याउभ्याच तिसऱ्या मजल्यावरच्या शेट्टींच्या सासूचे गुडघे, माझ्या पोराचं गणित, सुलभाच्या माहेरचा आंबा, सगळ्याची चौकशी व्हायची. कधी मुगाच्या डाळीचा लाडू पुढे आला तर तोही उभ्यानेच.

"बल्बला दोन मिनिटं लागतात," मी एकदा सुलभाला म्हणालो, "काकांना तास लागतो."

"लागणारच," ती म्हणाली. "त्यांना घरात यायला कारण लागतं ना. एकटा पुरुष बायकामुलांच्या घरात नुसता कसा येईल?"

मला हे सुचलं नव्हतं. मी त्यांना आपला अर्थिंगचा वेडा समजत होतो.

वेडे तर ते होतेच. शेट्टींच्या मुलीच्या लग्नात मांडवाच्या रोषणाईला अर्थिंग नाही हे कळल्यावर ते पंगतीतून उठले आणि मांडववाल्याशी वाद घालत बसले. वाद संपला तेव्हा जिलेबी संपली होती. कुणाच्या सत्यनारायणाला गेले तर डाव्या हातात प्रसाद घ्यायचे, कारण उजवा टीव्हीच्या मागे असायचा. डाव्या हाताने प्रसाद घेऊ नये असं एकदा भटजींनी सुनावलं, तर काका म्हणाले, "देव समजून घेईल. करंट घेत नाही."

त्यांची मागणी एकच होती. इमारतीला स्वतःचं अर्थिंग हवं, जमिनीत खोल खड्डा करून, नवा पाइप पुरून. जुन्या बिल्डरने सगळ्यांच्या अर्थिंगच्या तारा पाण्याच्या लोखंडी पाइपाला बांधून दिल्या होत्या. तोवर ठीक होतं. पण पाइप गंजला, प्लंबरने मधला तुकडा काढून तिथे प्लास्टिकचा घातला आणि करंटची वाट तिथेच बुजली. आता वरच्या मजल्यांवर कुणाच्या यंत्रातून निसटलेला करंट पाइपातून फिरत राहायचा आणि जो नळाला हात लावील त्याला भेटायचा. काका हे प्रत्येक सभेत सांगायचे. आमचे चेअरमन कर्णिक मंत्रालयातून निवृत्त झालेले. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "विषय महत्त्वाचा आहे. पुढच्या सभेत घेऊ."

पुढची सभा लौकर घ्यावी लागली, कारण कर्णिकांचा सुट्टीला आलेला नातू एका सकाळी आंघोळ करताना किंचाळला. नळ सोडायला गेला आणि हाताला असा झटका बसला की बादलीवर पडला. पोराला काही झालं नाही, कोपराला टेंगूळ आलं तेवढंच. काकांनी हाताची उलटी बाजू लावत लावत इमारतीतले सगळे नळ तपासले. दुसऱ्या मजल्यावर कुणाचा तरी गिझर बिघडला होता आणि त्याचा प्रसाद कर्णिकांच्या मोरीत मिळत होता. कर्णिक नातवाला मांडीवर घेऊन बसले होते. ते काकांना म्हणाले, "धुरी, कुठे खणायचं ते सांगा."

इथे खरी पंचाईत झाली. काकांनी मग आवारभर फिरून माती चिमटीत घेऊन पाहिली. फाटकापाशी सगळा भराव, विटा आणि डबर. मागच्या बाजूला कोरडी खट्ट जमीन. अर्थिंगला ओल हवी, कायमची ओल. शेवटी ते जिथे थांबले ती जागा म्हणजे कर्णिकबाईंचा अळू. मोरीच्या सांडपाण्यावर तो असा माजला होता की एकेक पान सुपाएवढं. गणपतीत अख्ख्या इमारतीला अळूवडीची पानं तिथून जायची आणि त्या एका गोष्टीवर कर्णिकबाईंचा सगळ्यांवर वचक होता.

"जिथे अळू तिथे ओल," काका म्हणाले. "इथेच."

"इथे मुळीच नाही," कर्णिकबाई म्हणाल्या. "जमिनीत करंट सोडणार आणि वर माझा अळू. खाजरा होईल तो."

"अळू करंटने खाजरा होत नाही हो वहिनी."

"तुम्ही कधी अळू लावलाय?"

काकांनी लावला नव्हता. दोन दिवस वाटाघाटी झाल्या. अखेर नातवाच्या कोपराचं टेंगूळ पाहून बाईंचं मन द्रवलं. पण अट घातली: पानं खाजली तर काकांनी ती पहिल्यांदा स्वतः खायची. काका कबूल झाले.

पाइप आणायला ते मला घेऊन भांडुपला गेले. दुकानदाराने आधी एक तांबूस झळझळीत सळई काढली. काकांनी खिशातून लोहचुंबक काढला आणि तिला लावला. चुंबक चिकटला.

"वरून तांबं, आतून लोखंड."

"काका, सगळे हेच नेतात," दुकानदार म्हणाला.

"सगळे पाटावर उभे राहून फ्रिज उघडतात," काका म्हणाले. त्याला काहीच कळलं नाही. त्याने अस्सल तांब्याची सळई दाखवली. ती मात्र काकांनी हौसेने हातात घेतली, फिरवली आणि परत ठेवली. "ही पुरली तर दिवाळीपर्यंत भंगारवाल्याकडे जाईल. आमच्याकडचे चोर शिकलेले आहेत." मग जस्ताचा मुलामा दिलेले जाड लोखंडी पाइप निघाले. काकांनी एकेक उचलून त्याच्यातून आभाळाकडे पाहिलं, नखाने खरवडलं, हातोडीने वाजवून कान लावला. तासाभराने दुकानदार टेकीला आला.

"काका, पाइप घेताय का जावई बघताय?"

"जावई परत पाठवता येतो," काका म्हणाले. "हा एकदा जमिनीत गेला की गेला."

एक पाइप पसंत पडला. त्याला अंगभर भोकं पाडून घेतली, म्हणजे वरून ओतलेलं पाणी मुरत खोल जाईल. माणसाहून चांगलाच उंच पाइप. बसवाल्याने तो चढवून घेतला नाही, तेव्हा आम्ही हातगाडी केली. पाइपाच्या टोकाला काकांनी लाल फडकं बांधलं आणि ते टोक धरून भांडुप ते मुलुंड चालत आले. वाटेत कुणी ओळखीचं भेटलं की थांबून पाइपाची ओळख करून द्यायचे.

रविवारी सकाळी खणायला सुरुवात व्हायची होती. मजूर कुदळी घेऊन आले, आम्ही सगळे जमलो, आणि काका घरातून सोवळं नेसून, हातात नारळ घेऊन बाहेर आले. आम्ही बघतच राहिलो. सेफ्टी वीकचा माणूस, हिरव्या बिल्ल्याचा माणूस, सोवळ्यात. बिल्ला त्यांनी उपरण्याला लावला होता.

"जमिनीला हात लावायचा तर जागेवाल्याला सांगितलं पाहिजे," ते म्हणाले. आमच्या इमारतीत निम्मे लोक कोकणातले. त्यांना यात विचित्र काही वाटलं नाही. ते हात जोडून उभे राहिले आणि काकांनी जागेच्या राखणदाराला मालवणीत गाऱ्हाणं घातलं.

"बा जागेवाल्या म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आज ही तुझी लेकरां हयसर खड्डो मारतत. काय चुकला माकला असात तर पोटात घाल रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि जो काय करंट वाट चुकान आमच्या घरात फिरता हा, फ्रिजात बसता, नळात बसता, तेकाव तुझ्या पोटात जागा दी. कोणाच्या पोराबाळांक धक्को लागाक देव नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," कर्णिकही म्हणाले. ते कोकणातले नव्हते, पण नातू शेजारी उभा होता.

खड्डा दिवसभर चालला. वरचा चिखल संपल्यावर काळी चिकण माती लागली, तिला खाडीचा वास होता. काका शिडीने आत उतरले, मूठभर माती घेऊन वर आले आणि त्यांनी ती प्रत्येकाच्या नाकाशी धरली. "ओल बघ. वास बघ. झकास." शेट्टींनी नाकाला रुमाल लावला तेव्हा काकांना मनापासून वाईट वाटलं.

संध्याकाळी पाइप उभा राहिला. आता त्याच्याभोवती थर भरायचे होते, कोळशाचा एक आणि मिठाचा एक. कोळसा ओल धरतो, मीठ करंटला वाट मोकळी करून देतं. कोळसा वखारीतून आला होता. मिठाचं मात्र काकांनी वेगळंच ठरवलं होतं. मिठागरं हाकेच्या अंतरावर, पोतंभर मीठ सहज आलं असतं. पण काकांचं म्हणणं, निदान एका थरात तरी मीठ प्रत्येक घरातलं हवं. "अर्थिंग सगळ्यांचं आहे. मग मीठ एका पोत्यातलं कसं?"

असं म्हणून ते पातेलं घेऊन दारोदार गेले आणि रिकामं पातेलं घेऊन परत आले. दिवे लागले होते. दिवेलागणीनंतर मीठ कुणी घराबाहेर देत नाही, लक्ष्मी जाते. हे काकांना माहीत असायला हवं होतं, पण स्वतःच्या घरी एकट्याचं मीठ वापरणाऱ्या माणसाच्या ते ध्यानात राहिलं नव्हतं. खड्ड्यावर फळ्या टाकल्या आणि काम सकाळवर गेलं.

सकाळी कामावर जायच्या घाईत सगळ्या बायका वाट्या घेऊन खाली आल्या. आता दुसरी अडचण. मीठ हातावर द्यायचं नाही, नाहीतर भांडणं होतात. म्हणून प्रत्येकीने आपली वाटी खड्ड्याच्या कडेला जमिनीवर ठेवायची आणि काकांनी ती तिथून उचलायची. खड्ड्याभोवती वाट्यांची रांग लागली. स्टीलच्या, पितळेच्या, शेट्टींचा एक बाऊल, कर्णिकबाईंचं तर चांदीचं भांडं. काका एकेक वाटी उचलून आत ओतत होते आणि रिकामी करून परत तिथेच ठेवत होते. शेवटची वाटी सुलभाची होती.

"काका," ती हसत म्हणाली, "हे झालं की आमचा बल्ब लख्ख पेटणार ना?"

"पेटणारच."

"मग तुम्ही आमच्याकडे कशाला याल?"

ती चेष्टेने बोलली होती. पण काकांचा हात वाटीवर थांबला. "तेच म्हणतोय मी," ते म्हणाले, "कालपासून." आणि त्यांनी मीठ ओतलं. पुढे बराच वेळ ते पाइप सरळ उभा आहे ना, हे ओळंबा लावून बघत राहिले.

मला तेव्हा कळलं की या माणसाला सगळं आधीच ठाऊक होतं. घरोघर जायचं एकमेव निमित्त आपण स्वतःच्या हाताने पुरतोय हे ठाऊक असूनही त्यांनी भांडुपचं अख्खं दुकान पालथं घालून सगळ्यात चांगला पाइप निवडला होता. थोडा हलका निवडला असता तर दोन-चार वर्षांत गंजला असता आणि त्यांच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या असत्या. असा विचार माझ्यासारख्याच्या मनात येतो. त्यांच्या आला नसावा.

घराघरातल्या तारा नव्या पाइपाला जोडल्या आणि अर्थिंग फारच उत्तम झालं. पुढच्या रविवारी काका घरोघर गेले आणि प्रत्येक घरात बल्ब लख्ख पेटला. बायकांनी फ्रिजपुढचे पाट उचलून जेवणाकडे वळवले. मिठाने अळूची पुढची रांग जळाली, पण काकांनी डब्यांत नवी रोपं लावून दिली. खड्ड्याजवळ उरलेल्या अळूच्या पहिल्या पानांच्या वड्या अटीप्रमाणे त्यांनी आधी खाल्ल्या, आणि त्या खाजल्या नाहीत.

पाइपाचं तोंड जमिनीच्या वर ठेवून त्याला नरसाळं बसवलं होतं. उन्हाळ्यात त्यात रोज पाणी घालायचं असतं. ते काम काकांनी घेतलं. सकाळी आंघोळ करून, पंचा गुंडाळून, तांब्याने हळूहळू पाणी घालायचे. कुंपणाबाहेरून जाणाऱ्यांनी हे पाहिलं, आणि एक दिवस तिथे जास्वंदीचं फूल आलं. मग बेलाचं पान. दूधवाला सायकल थांबवून नमस्कार करू लागला. काकांनी चिडून पाटी लावली: 'हा देव नाही. अर्थिंग आहे.' दुसऱ्या दिवशी पाटीलाही फूल होतं.

हे असं गमतीत चाललं होतं, पण काकांची फेरी थांबली होती. दोन-तीन रविवार ते सवयीने आले, बल्ब पेटला, "छान आहे" म्हणाले आणि चहा न घेता गेले. दोष नाही तिथे चहा कशाचा, असा त्यांचा हिशेब असावा. पुढे आलेच नाहीत. त्याच सुमारास ते कारखान्यातून निवृत्त झाले. आता दिवसभर ते त्या नरसाळ्यापाशी घुटमळायचे. मातीला बोट लावून ओल बघायचे आणि परत आपल्या दोन खोल्यांत जायचे. जिन्यात भेटले तर विचारायचे, "काय, चावत नाही ना काही?" आपण "नाही" म्हटलं की मान हलवायचे. आमची सगळ्यांची घरं त्यांनी धोक्यातून सोडवली होती आणि त्या बदल्यात एकही घर त्यांना उघडं राहिलं नव्हतं. मला वाईट वाटायचं, पण काय करावं ते सुचायचं नाही. माणसाला नुसतं बोलवावं, एवढी साधी गोष्ट पुरुषांना सुचत नसावी.

सुलभाला सुचली. एका रविवारी सकाळी तिने खिडकीतून खाली हाक मारली. "काका, आमचा फ्रिज चावतोय हो."

काकांनी तांब्या तिथेच टाकला. मी आत्ताच अनवाणी पायांनी फ्रिजमधून दूध काढलं होतं. मी तसं म्हणणार होतो, पण सुलभाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पेपर उघडला.

काका वर आले, टेस्ट लॅम्प घेऊन, पायऱ्या भराभर चढल्यामुळे धापा टाकत. त्यांनी दाराला हात लावला. नळाला लावला. मग तारा घातल्या आणि बल्ब असा पेटला की डोळे दिपले. त्यांनी परत तारा काढून घातल्या. परत तसाच.

"वहिनी," ते म्हणाले, "काहीही नाहीये."

"माहीत आहे मला," सुलभा म्हणाली. तिने टेबलाजवळची खुर्ची ओढली आणि समोर चहाचा कप ठेवला. "बसा."

"मग बोलावलंत कशाला?"

"चहाला."

काका उभेच होते. बल्ब अजून हातात पेटलेला होता, तो विझवायचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मीच उठून बटण बंद केलं. ते खुर्चीच्या कडेवर बसले, तारा बल्बाभोवती गुंडाळू लागले, मग ते तसंच अर्धवट ठेवून त्यांनी कप उचलला.

"काम नसताना मला कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही, वहिनी," ते म्हणाले.

सुलभाने पोह्यांची बशी त्यांच्यापुढे सारली. काकांचा चहा संपला, पोहे संपले, तरी ते बसून होते. बघायला फ्रिज नव्हता, नळ नव्हता, आणि काय बोलावं ते त्यांना सुचत नव्हतं. आम्हालाही त्याची घाई नव्हती.